लेवींच्या सेवेचे वय: तीस, पंचवीस की वीस? (मदत हवी आहे)

नमस्कार.

उपासनेतील जबाबदाऱ्या तरुणांकडे कोणत्या वयापासून सोपवाव्यात, यावर आमच्या मंडळीत गेले दोन महिने चर्चा चालू आहे. मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी बायबलमधील गणना या पुस्तकाचा चौथा अध्याय वाचून दाखवला आणि देवाने लेवींनासुद्धा (इस्राएलातील, उपासनेच्या सेवेसाठी वेगळ्या केलेल्या वंशाला) तिसाव्या वर्षापर्यंत थांबवले, मग आपण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना पुढे का करावे, असे विचारले. त्यांना खोडून काढावे असा माझा मुळीच हेतू नाही. मात्र याच विषयावर पुढच्या महिन्यात अभ्यासवर्ग घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि वचने एकापुढे एक ठेवून वाचू लागल्यावर मी अशा ठिकाणी येऊन थांबले आहे की जाणकारांच्या मदतीवाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

गणना ४ मध्ये कहाथ, गेर्षोन आणि मरारी या तिन्ही कुळांची शिरगणती तीस ते पन्नास या वयोमर्यादेत केलेली आहे. कहाथी २,७५०, गेर्षोनी २,६३० आणि मरारी ३,२००, असे एकूण ८,५८० पुरुष सेवेस योग्य ठरले. त्याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मात्र लेवीने पंचविसाव्या वर्षापासून दर्शनमंडपाच्या (अरण्यातील तंबूरूपी उपासनास्थळाच्या, ज्याला निवासमंडपही म्हणतात) सेवेत यावे असे सांगितले आहे. पुढे १ इतिहास २३ मध्ये दावीद आरंभी तीस वर्षांवरील लेवींची मोजदाद करतो, ती ३८,००० भरते, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी वय विसावर आलेले दिसते. हिज्कीया राजाच्या काळातही वीस आणि बाबेलच्या बंदिवासातून परतल्यावर एज्रा ३ मध्येही वीस.

विसाचे कारण निदान वचनातच दिलेले आहे: परमेश्वराने आपल्या लोकांना विसावा दिला आहे, तेव्हा लेवींना निवासमंडप व त्याचे साहित्य वाहून न्यावे लागणार नाही, असे दावीद म्हणतो. हे मला पटते, कारण अरण्यातले काम किती अंगमेहनतीचे होते हे तपशिलात गेल्यावरच लक्षात येते. मरारीच्या वंशजांकडे अठ्ठेचाळीस फळ्या, अडसर, खांब आणि उथळ्या (फळ्या-खांबांच्या बैठका) होत्या. फळी दहा हात उंच, आणि चांदीची उथळी प्रत्येकी एक किक्कार, म्हणजे तीस किलोहून जास्त वजनाची. अशा शंभर उथळ्या प्रत्येक मुक्कामी उतरवायच्या, मांडायच्या आणि पुन्हा उचलायच्या. त्यासाठी त्यांना चार गाड्या आणि आठ बैल मिळाले होते. कहाथींना गाडी मुळीच मिळाली नाही, कारण पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरून न्यायच्या होत्या.

कहाथींच्या कामाचे वर्णन वाचताना मी बराच वेळ थांबले. तळ हलवायची वेळ झाली की अहरोन व त्याचे मुलगे आधी आत जात, अंतरपट (आतला पडदा) उतरवून त्याने कोश (दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी) झाकत, त्यावर तहशाच्या कातडीचे आच्छादन घालत आणि सर्वांत वर संपूर्ण निळे कापड पसरून मग दांडे बसवत. बाकीच्या वस्तूंवर कातडे सर्वांत बाहेर असे. केवळ कोशावर निळे कापड वर येई. एवढे सगळे झाल्यावर कहाथी येत, आणि त्यांनी त्या वस्तूंना स्पर्श करायचा नाही, त्या झाकल्या जात असताना क्षणभरही पाहायचे नाही, केले तर मरण, अशी सक्त ताकीद होती. खांद्यावर एवढे मोलाचे ओझे असावे, पण ते उघडे पाहण्याचा अधिकार नसावा, हा संयम अंगी बाणायला वर्षे लागत असतील असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच तिसाचा आकडा केवळ ताकदीसाठी असेल हे मान्य करणे मला जड जाते. ताकद विशीतही असतेच.

माझी खरी अडचण पंचविसाची आहे. गणना ४ आणि ८ हे दोन्ही अध्याय अरण्यातलेच, तेव्हा दावीदाचे कारण येथे लागू होत नाही. पंचवीस ते तीस ही पाच वर्षे शिकण्याची आणि तिसाव्या वर्षापासून प्रत्यक्ष सेवा, असा खुलासा मी एका प्रवचनात ऐकला होता. तो मूळ वचनात आहे की नंतरच्या परंपरेत? परंपरेतला असेल, तर अभ्यासवर्गात तो वचन म्हणून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हिब्रू जाणणाऱ्यांनी किंवा बेने इस्राएल समाजातील वाचकांनी मार्गदर्शन केले तर मी ऋणी राहीन. दुसरे असे की याजकांसाठीही अशी वयाची अट होती का?

प्रतिसाद १

ताई, आपला प्रश्न जुना आहे आणि तो आपण नेमक्या जागी विचारला आहे.

पाच वर्षांच्या शिक्षणाचा खुलासा परंपरेतला आहे. तो बाबिली तालमूद या यहुदी परंपरेच्या ग्रंथाच्या हुल्लीन या भागात येतो आणि अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेल्या राशी या भाष्यकारांनी गणना ८ वर लिहिताना तोच दिला आहे. त्यावरून तेथे असेही अनुमान काढले आहे की पाच वर्षांत ज्या शिष्याला अभ्यासात काही लाभलेले दिसत नाही, त्याला पुढेही लाभणार नाही. मूळ वचनात मात्र "शिकण्यासाठी" असा शब्द नाही. चौथ्या आणि आठव्या अशा दोन्ही अध्यायांत लेवीच्या कामासाठी "त्सावा" हा एकच शब्द आला आहे. त्याचा मूळ अर्थ सैन्य किंवा सैन्यातील चाकरी. "सेनाधीश परमेश्वर" या नावातला "सेना" तो हाच. म्हणजे पंचविशीचा लेवी आणि तिशीचा लेवी यांच्यात शब्दावरून भेद करता येत नाही. ही तफावत प्राचीन काळीच बोचू लागली असावी, कारण मोशेच्या पुस्तकांच्या जुन्या ग्रीक भाषांतरात चौथ्या अध्यायातही तिसाच्या जागी पंचवीस आहे.

तरीही "शिकणे" ही कल्पना शास्त्राबाहेरची आहे असे कृपया समजू नका. ती दुसऱ्या ठिकाणी स्पष्टपणे आली आहे. १ इतिहास २५ मध्ये परमेश्वराच्या गीतांत तरबेज असे २८८ गायक-वादक आहेत आणि त्यांच्या सेवेच्या पाळ्या ठरवताना लहान व थोर, गुरू व शिष्य या सर्वांनी सारख्याच चिठ्ठ्या टाकल्या, असे लिहिले आहे. शिष्य तेथे गुरूच्या बरोबरीने पाळीत उभा आहे. अभ्यासवर्गात हुल्लीनपेक्षा या वचनाचा आधार घ्यावा, असे मी सुचवीन.

एज्राच्या विसाबद्दल एक भर. तेथे लेवींची टंचाईही लक्षात घ्यावी लागते. पहिल्या तुकडीबरोबर ४,२८९ याजक परतले, आणि लेवी अवघे चौऱ्याहत्तर. पुढे स्वतः एज्रा निघाला तेव्हा अहवा नदीकाठी लोकांची पाहणी करताना त्याला एकही लेवी आढळला नाही. माणसे पाठवून अडतीस जण मिळवावे लागले. मंदिराचा पाया घालण्याच्या कामावर वीस वर्षांवरील लेवींना नेमताना परतलेल्यांचा पुढारी जरुब्बाबेल याच्यापुढे निवडीला फारसा वाव नव्हता, असे मला वाटते.

प्रतिसाद २

याजकांविषयी थोडक्यात लिहितो. मोशेच्या नियमशास्त्रात त्यांच्यासाठी वयाची अट नाही. अट आहे ती शारीरिक व्यंग नसण्याची (लेवीय २१), आणि तेथेही व्यंग असलेल्या याजकाला पवित्र अन्न खाण्याचा हक्क कायम ठेवला आहे. वयाची प्रथा नंतरची: तालमूदनुसार वयात आलेला याजक नियमाने पात्र होता, परंतु त्याचे भाऊबंद याजक त्याला वीस वर्षांचा होईपर्यंत सेवा करू देत नसत.

तयारी म्हणाल तर लेवीय ८ पाहावा. स्नान, वस्त्रे, अभिषेकाचे तेल, आणि मग मेंढ्याचे रक्त उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला व उजव्या पायाच्या अंगठ्याला. त्यानंतर सात दिवस दर्शनमंडपाचे दार सोडायचे नाही. आठव्या दिवशी सेवा सुरू होते आणि दहाव्या अध्यायात अहरोनाचे मुलगे नादाब व अबीहू अशास्त्र अग्नी नेऊन मरण पावतात. सर्व विधी पूर्ण झालेले होते, तरी हे घडले. त्यांच्या वयाबद्दल तेथे एक अक्षरही नाही. आपल्या ज्येष्ठ सभासदांसमोर हा अध्यायही ठेवावा, अशी विनंती.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पाच वर्षांचा खुलासा मी परंपरा म्हणूनच सांगेन आणि गुरू-शिष्यांच्या चिठ्ठ्यांचे वचन वर्गात मोठ्याने वाचून घेईन.

आपली उत्तरे वाचून मी गणनेचा तिसरा अध्याय पुन्हा उघडला. तेथे लेवींची मोजदाद एक महिन्याच्या बाळापासून केलेली आहे आणि ती २२,००० आहे. चौथ्या अध्यायातील ८,५८० त्याच लोकांपैकी. म्हणजे पाळण्यातले मूलही परमेश्वराचे म्हणून मोजले गेले होते, मात्र दांडा खांद्यावर यायला तीस वर्षे होती. आठव्या अध्यायाने पन्नाशीनंतरचीही सोय केली आहे: जड काम सोडावे, पण आपल्या भाऊबंदांबरोबर दर्शनमंडपात पहारा करून त्यांना मदत करावी. बैठकीत आम्ही सर्वजण "केव्हापासून" एवढेच विचारत होतो. पन्नाशीपुढच्या या दोन ओळी कोणीच वाचल्या नाहीत, मीही नाही.

आता एकच विनंती राहिली. पन्नाशीनंतरच्या या पहाऱ्यात तरुण लेवींना शिकवण्याचाही भाग होता, असे दाखवणारे एखादे वचन कोणाच्या वाचनात असेल तर कृपया येथे नोंदवावे. वर्गात ते ज्येष्ठ सभासदही असणार आहेत, आणि ते वचन त्यांच्याच तोंडून वाचले जावे अशी माझी इच्छा आहे.