विषय: मंडळाचं डोमेन नेमकं कुणाच्या नावावर आहे?

मृणाल (सचिव), सोमवार, 4 ऑगस्ट 2025

सप्रेम नमस्कार,

मंडळाची वेबसाइट बंद आहे. आधी वाटलं सर्व्हरची गडबड असेल, पण आता पान उघडलं की भलत्याच जाहिराती येतात. मंडळाच्या पत्त्यांवर पाठवलेल्या मेलही परत येताहेत. 27 तारखेला गणेश चतुर्थी, शनिवारी 30 तारखेला आपला कार्यक्रम. तिकिटांचा फॉर्म, मराठी शाळेची नावनोंदणी, सगळं तिथेच आहे.

होस्टिंगचे, म्हणजे साइट जिथे ठेवलीय त्या जागेचे, पैसे खजिनदार भरतात, ते चालू आहे. डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, खर्च मात्र मागच्या तिन्ही समित्यांच्या हिशोबात कुठेच सापडत नाही. ते कुणी घेतलं होतं, लॉगिन कुणाकडे आहे, हे कुणाला ठाऊक असेल तर कृपया आजच कळवा.

मृणाल

---

संजय, 4 ऑगस्ट, संध्याकाळ

मी हूइज, म्हणजे डोमेन कुणाच्या नावावर आहे ती सार्वजनिक नोंद, काढून पाहिलं. नोंदणी 2003 ची. मालकाचं नाव, पत्ता, फोन, सगळं झाकलेलं. मंडळाचा उल्लेखही नाही. आणि मुदत 11 जुलै 2026! म्हणजे गेल्याच महिन्यात कुणीतरी वर्षभराचे पैसे भरून नाव स्वतःकडे ठेवलंय आणि आपल्याला बाहेर काढलंय. 22 वर्षं हे नाव आपण पत्रिकांवर, बॅनरवर छापतोय. सरळ वकिलाची नोटीस पाठवावी असं माझं मत आहे.

---

अनिरुद्ध, 4 ऑगस्ट, रात्र

संजयदादा, नोटिशीचं जरा थांबवा. नोकरीत माझं हेच काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नाव झाकलेलं आहे यात लपवाछपवी नाही. 25 मे 2018 पासून युरोपात जीडीपीआर हा खासगी माहिती जपण्याचा कायदा लागू झाला. त्याच्या आठवडाभर आधी आयकॅनने, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, तात्पुरता नियम काढला आणि बहुतेक रजिस्ट्रारांनी, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपन्यांनी, जगभरच्या सगळ्याच ग्राहकांची माहिती झाकून टाकली, अमेरिकेतल्या लोकांचीही. त्याआधी कुणाच्याही घरचा पत्ता आणि फोन कुणालाही दिसायचा. ही पद्धत 1982 ची, नेटवर्कवर मोजकी माणसं असतानाची. तेव्हा ते चालून गेलं. गेल्या 28 जानेवारीपासून तर डॉट कॉम, डॉट ऑर्गसाठी जुन्या हूइजची सक्तीही संपली, आता त्याच्या जागी आरडॅप ही नवी पद्धत आहे. आयकॅनच्या लुकअप पानावर आपण बघतो ती माहिती तिथूनच येते. आपण सगळे अजून हूइजच म्हणतो, एवढंच.

आता मुदतीचं. तारखेखालची स्टेटसची ओळ पाहा. तिथे 'ऑटो रिन्यू पीरियड' लिहिलंय. आपलं डोमेन डॉट ऑर्गचं, आणि डॉट ऑर्गची मूळ नोंदवही पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्रीकडे असते. मुदत संपली की ती तारीख आपोआप एक वर्ष पुढे सरकवते. ग्राहकाने पैसे भरले नाहीत, तर 45 दिवसांच्या आत रजिस्ट्रार नाव रद्द करून त्याने रजिस्ट्रीला दिलेले पैसे परत घेऊ शकतो. म्हणजे 2026 दिसतंय म्हणून कुणी पैसे भरलेत असं नाही. जाहिरातींचं पान दिसतंय त्यावरून तर उलटच वाटतं: 11 जुलैला मुदत संपली आणि पैसे कुणीच भरले नाहीत.

मला खरी काळजी आहे ती पुढची. 45 दिवस 25 ऑगस्टला भरतात, आणि रजिस्ट्रार त्याआधीही नाव रद्द करू शकतो. त्यानंतर 30 दिवस नाव परत मिळतं, पण दंड भरून. मग 5 दिवस कुणालाच हात लावता येत नाही आणि शेवटी ते जो पकडेल त्याचं. काही रजिस्ट्रार त्याच्या कितीतरी आधी लिलाव मांडतात. आणि नाव ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे आपल्या पत्त्यांवरची टपालही जाईल. शाळेच्या फॉर्ममध्ये मुलांची नावं आणि जन्मतारखा असतात हो.

एक धागा आहे. मालकाचं राज्य आणि देश या दोन गोष्टी अजून झाकत नाहीत. तिथे टेक्सास दिसतंय. आपल्यातलं कोण टेक्सासला गेलं? रजिस्ट्रारच्या पानावर मालकाला निरोप पाठवायचा फॉर्म असतो, तो मी आत्ताच भरलाय. पण निरोप त्यांच्याकडच्या नोंदीतल्या ईमेलवरच जातो. ते ईमेल मेलेलं असेल तर उपयोग नाही.

अनिरुद्ध

---

विजयाताई, 5 ऑगस्ट

अनिरुद्ध, टेक्सास वाचल्याबरोबर तळघरातला 2011 च्या समितीचा खोका काढला. पावत्यांच्या फाइलमध्ये या डोमेनच्या माहितीचं छापील पान आहे, स्टेपलच्या पिनेचा गंज कागदावर उतरलाय. मालक म्हणून अरविंदरावांचं नाव, त्यांच्या इथल्या जुन्या घराचा पत्ता, ईमेल तेव्हाच्या केबल कंपनीचं. 'ऑर्गनायझेशन'समोर काहीच नाही. आणि पानाच्या मागे निळ्या पेनने त्यांच्या अक्षरात: "रिन्यू केले. मंडळाकडून घेणे नाही."

संजय, तू हे मुद्दाम वाच. मी त्यांना फोन लावते. नंबर लिस्टवर टाकत नाही.

विजया

---

अरविंदकाका, 5 ऑगस्ट, रात्र

सर्वांना नमस्कार. विजयाताईंचा फोन आला.

2003 मध्ये मंडळाकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. कुणीतरी भरायला हवे होते, मी भरले. पुढे दरवर्षी माझ्या कार्डातून आपोआप जायचे. या मे महिन्यात त्या कार्डाची मुदत संपली. नवीन कार्ड घरी आलं, पण ते तिथे घालायचं राहिलं. इकडे टेक्सासला आल्यावर मी रजिस्ट्रारकडे फक्त पत्ता बदलला होता, ईमेल नाही. मुदतीच्या महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर अशी तीन पत्रं रजिस्ट्रार पाठवतो म्हणे. ती सगळी त्या बंद झालेल्या ईमेलवर गेली.

आज दुपारी रजिस्ट्रारशी बोललो. ओळखपत्र मागितलं, जुन्या कार्डाचे शेवटचे चार आकडे विचारले. ईमेल बदललं, एका वर्षाचे पैसे भरले. चूक माझी आहे. इकडे येताना हे सगळं समितीच्या हातात द्यायला हवं होतं.

संजयचं पत्र वाचून वाईट वाटलं. वाटलं ते सांगितलं, मनात ठेवणार नाही.

अरविंद

---

संजय, 5 ऑगस्ट, रात्र

काका, माझं चुकलं. अर्धवट वाचून लिहिलं, आणि तेही सगळ्यांसमोर. म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागतो.

---

मृणाल, 7 ऑगस्ट

नमस्कार,

काल रात्री पावणेदहाला साइट उघडली. अरविंदकाका फोनवर होते, अनिरुद्ध आणि मी लॅपटॉपवर.

'ऑर्गनायझेशन'च्या रकान्यात आता मंडळाचं नोंदणीकृत नाव आहे, कुणा एकट्याचं नाही. यापुढे अध्यक्ष बदलले, सचिव बदलले, तरी मालक मंडळच. संपर्कासाठी मंडळाचं वेगळं ईमेल दिलंय, पण ते याच डोमेनवरचं नाही. हे अनिरुद्धने सुचवलं. डोमेन बंद पडलं की त्यावरची मेलही बंद, मग रजिस्ट्रारचं पत्र पोचणार कुठे? आणखी 5 वर्षांचे पैसे मंडळाच्या कार्डावरून भरले आहेत. लॉगिन सचिव आणि खजिनदार दोघांकडे राहील, आणि नवी समिती आली की हिशोबाच्या वहीबरोबरच ते तिच्या हातात जाईल. मालकाचं नाव बदलल्यावर 60 दिवस डोमेन दुसरीकडे नेता येत नाही, तेव्हा रजिस्ट्रार बदलायचा का, ते दिवाळीनंतर ठरवू.

काकांचे 22 वर्षांचे पैसे परत करावेत असं समितीने ठरवलं होतं. ते नको म्हणाले. शाळेसाठी पुस्तकं घ्या म्हणाले, तशी घेतोय.

19 जुलैपासून ज्यांच्या मेल परत आल्या, त्यांनी कृपया पुन्हा पाठवा. शाळेचे फॉर्म आधी.

मृणाल