शाळेत शिक्षक कमी, जाब नेमका कुणाला विचारायचा?

दोन_वेण्या

नमस्कार. माझी मुलगी चौथीत आहे. 2021 मध्ये पुणे शहरात जी 23 गावं आली, त्यातल्या एका गावातल्या मराठी शाळेत. नाव मुद्दाम लिहीत नाही, बाईंना उगाच त्रास व्हायचा.

पहिली ते पाचवी, पट 160 च्या आसपास, शिक्षक तीन. त्यातले एक सर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम निघालं की आठवडा-आठवडा वर्गावर नाहीत. बाई तिसरी-चौथी एकत्र बसवतात. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ, डावीकडं तिसरीचं, उजवीकडं चौथीचं. मुलीच्या वहीत निम्मं तिसरीचंच असतं. विचारलं तर म्हणते, ते सोपं जातं!

मुख्याध्यापक नाहीत, प्रभारी बाई आहेत. त्यांच्याकडं गेलं की ‘वर कळवलंय’. वर गेलं की ‘शाळेकडून प्रस्तावच नाही’. माजी नगरसेवकांच्या ऑफिसात गेलं की चहा मिळतो.

पालकांच्या ग्रुपवर आता शाळेला कुलूप ठोकायचं चाललंय. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं हेही सुचत नाही. शाळा व्यवस्थापन समिती म्हणून काहीतरी असते ना? आमच्याकडं आहे. मी तिची सदस्य आहे, हे मला व्हरांड्यातल्या फलकावर वाचून कळलं.

सदाशिवपेठी

अभिनंदन! पेढे कधी?

निवृत्त_केंद्रप्रमुख

ताई, नाव फलकावर आहे ना, मग उद्याच जा आणि समितीची इतिवृत्त वही बघायला मागा. सदस्याला कोण नाही म्हणणार?

शाळाभेटीला गेलो की मी आधी हीच वही उघडायचो. जून ते मार्चच्या सगळ्या बैठका एकाच पेनानं, एका बैठकीत लिहिलेल्या. ‘मागील इतिवृत्त कायम केले. सर्वानुमते मंजूर. आयत्या वेळचे विषय: निरंक.’ सह्यांसाठी वही पोरांच्या दप्तरातून घरोघर फिरलेली, मधल्या पानावर कुणाच्या तरी घरच्या भाजीच्या तेलाचा डाग. दरवेळी यात लबाडी असते असं नाही. एकटा माणूस पोषण आहाराच्या नोंदी, युडायस म्हणजे शाळेची सरकारी माहिती भरणं, शिष्यवृत्तीचे अर्ज सगळं करतो, आणि वही मार्चवर जाते. पण त्यामुळं होतं काय, की शिक्षक कमी आहेत हे शाळेनं लेखी कधी म्हटलेलंच नसतं. ‘प्रस्ताव नाही’ हे वरच्यांचं उत्तर बरेचदा खरं असतं!

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, आणि निम्म्या महिला. आपल्याकडं दर महिन्याला बैठक घ्यायची आहे. मुख्याध्यापक सचिव, अध्यक्ष पालकांपैकी.

आता आकडे. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 121 ते 200 मुलांमागं पाच शिक्षक, आणि 150 च्या वर पट गेला की वेगळा मुख्याध्यापक. कलम 26 म्हणतं, मंजूर पदांच्या 10 टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवायच्या नाहीत. पण खरी मेख ‘मंजूर’ या शब्दात आहे. पदं संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेला शिक्षक किती ते ठरवणाऱ्या सरकारी हिशोबात मंजूर होतात, 30 सप्टेंबरच्या पटावर, आणि त्यात आधार जुळलेलीच मुलं धरली जातात. तुमच्या भागात बांधकामावरच्या कुटुंबांची मुलं असणार. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, जन्मतारीख तिसरीच. मूल वर्गात बसलेलं असतं, खिचडी खातं, पण संचमान्यतेत नसतं.

म्हणून आधी एवढंच विचारा: पदं मंजूर किती? मंजूर असून रिकामी असतील तर जाब नेमणूक करणाऱ्याला. मंजूरच नसतील तर आधी आधारची दुरुस्ती, तिथं वरच्या साहेबांवर ओरडून काही हाती लागत नाही.

आणि बीएलओचा मुद्दा काढू नका. कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना देता येतात. त्यावरच बोट ठेवून तुमचा अख्खा अर्ज बाजूला सारतील.

अर्जदार_शनिवार

काकांच्या म्हणण्यात थोडी भर. बाईंनी वही दिली नाही तर माहिती अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘शिक्षक का देत नाही’ असलं विचारू नका. संचमान्यतेची प्रत आणि रिक्त पदांबाबत वर पाठवलेल्या पत्रांच्या प्रती, बस. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. त्याआधी, सोय अजून चालू असेल तर, एखाद्या सोमवारी 3 ते 5 कार्यालयात जाऊन फाइलच पाहा. पुण्यात ही सोय आधीपासून होती, 2018 मध्ये सरकारनं राज्यभर लागू केली.

तक्रार करायची तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 32 लिहून करा. स्थानिक प्राधिकरणाला तुमचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो, नाही पटला तर राज्य बालहक्क आयोगाकडं अपील. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय जिना उतरू नका.

हडपसरचा_बाप

तीन महिने? तोवर पोरगी पाचवीत जाईल. आम्ही कुलूप ठोकलं, पेपरात फोटो आला, तिसऱ्या दिवशी शिक्षक हजर. कलमं वाचत बसा.

निवृत्त_केंद्रप्रमुख

हजर होतो, खरं आहे. कुठून होतो तेही सांगतो, कारण असे आदेश मी हातानं वाटलेत. शेजारच्या शाळेतला एक उचलायचा, प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरता, तुमच्याकडं पाठवायचा. मग तिथल्या फळ्यावर उभी रेघ. प्रकरण थंडावलं की तो परत जातो. तुमच्याकडं आलेले अजून आहेत का?

हडपसरचा_बाप

दिवाळीनंतर गेले.

दोन_वेण्या

सगळ्यांचे आभार. वही मागितली तर बाईंनी उलट खुर्ची दिली, बहुतेक त्यांनाही कुणीतरी विचारायला हवंच होतं. संचमान्यतेची प्रत कपाटातच होती. पट 162, आधार जुळलेली मुलं 117. त्यामुळं मंजूर पदं चार, मुख्याध्यापकाचं पद नाहीच. चारांतलं एक रिकामं.

शनिवारी बैठक लावलीय, अध्यक्ष येतो म्हणालेत. ठराव असा लिहिलाय, चुकत असेल तर सांगा:

‘शाळेत चार मंजूर पदांपैकी एक रिक्त असून हे प्रमाण कलम 26 मधील मर्यादेपेक्षा जास्त आहे. सदर पद कायमस्वरूपी भरावे, प्रतिनियुक्तीने भरू नये. पटावरील 45 मुलांच्या आधार दुरुस्तीसाठी शाळेत शिबिर घ्यावे. तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा ही नम्र विनंती.’

निवृत्त_केंद्रप्रमुख

शेवटचं वाक्य खोडा. त्याजागी लिहा: ‘केलेल्या कार्यवाहीचा लेखी अहवाल पुढील मासिक बैठकीपूर्वी समितीस मिळावा.’ आणि शिबिराची तारीख ठरावातच टाका, 30 सप्टेंबरच्या पुरेशी आधीची. आधारची दुरुस्ती लगेच दिसत नाही.

सदाशिवपेठी

ताई, ठराव बाईंकडून नको, स्वतः वहीत लिहा. अक्षर वेगळं दिसू दे.