पावसाळ्यासाठी खेळ कोणते घ्यायचे? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, रत्नागिरी)

सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार मंडळी. जून लागला की पोरांना खाली खेळता येत नाही, म्हणून वाचनकट्ट्याच्या कपाटात शैक्षणिक खेळ ठेवायचं कमिटीत ठरलंय. प्रस्ताव दोन आले आहेत. एक टॅब आणि गणिताच्या अ‍ॅपची वर्षाची वर्गणी, नाहीतर त्याच पैशात बैठे खेळ. वयोगट ५ ते १४. ज्यांचा शिकवण्याशी संबंध आहे त्यांनी जरा नेमकं सांगा.

बाई (बी-३०२): खोक्यावर 'शैक्षणिक' छापलंय का ते बघू नका. हा खेळ जिंकायला मुलाला डोकं कशात घालावं लागतं, तेवढं बघा. ज्यात डोकं जातं तेवढंच ते शिकतं.

सापशिडी घ्या. बालवाडी-पहिलीच्या मुलांना संख्यांचा क्रम आणि लहानमोठेपणा कळायला आकड्यांचा पट फार उपयोगी. गीता रमणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये अमेरिकेत कमी मिळकतीच्या घरांतल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० चा एका ओळीतला पट खेळायला दिला. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, बस्स. मुलांचं मोजणं, आकडे ओळखणं, कोणती संख्या मोठी ते सांगणं, सगळंच सुधारलं आणि नऊ आठवड्यांनीही टिकून होतं. तसाच पट, पण आकड्यांऐवजी रंग असलेला, ज्यांना दिला त्यांच्यात ही सुधारणा दिसली नाही. म्हणजे काम केलं ते पटावरच्या आकड्यांनी. नुसतं फासे टाकण्याचा तो गुण नव्हता.

वहिनी (ए-२०४): बाई, मग घरोघरी सापशिडी आहेच की. तरी पहिलीतली मुलं ३९ च्या पुढे अडतात.

बाई (बी-३०२): कारण ती सोंगटी कशी सरकवतात ते कोणी ऐकत नाही. सोंगटी ३७ वर आहे आणि फाशावर ४ पडले. मूल 'एक, दोन, तीन, चार' म्हणत चार घरं जातं आणि फासा पुढच्याला देतं. घरातला आकडा त्याने वाचलाच नाही. 'अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस' असं वाचत सरकायला हवं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना १०० घरांचा पट देऊन लास्की आणि सीगलर यांनी हेही तपासलंय. आकडे वाचत जाणाऱ्यांची प्रगती चांगली झाली, एकपासून मोजणाऱ्यांची तशी झाली नाही. आपल्या मुलांना तर याची गरज जास्तच, कारण एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास इथेच ती अडखळतात. म्हणून नियम करा: आकडे न वाचता सोंगटी हलवली तर पुन्हा मागे, आणि वाचत यायचं.

दुसरी अडचण पटाची. बाजारातल्या पटावर पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उलटी येते. त्यामुळे ७ च्या डोक्यावर १४ येतात आणि दहा-दहाचा नमुना मोडतो. A3 कागद, म्हणजे साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या दुप्पट कागद घ्या. त्याची रुंदी २९.७ सेंमी असते, त्यावर २.७ सेंमीचे दहा चौकोन आडवे आणि दहा उभे बसतात. खालून वर, प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू. मग ७ वर १७, १७ वर २७. '१० पुढे' म्हणजे 'सरळ वर' हे मुलाला न सांगता दिसतं. साप-शिड्या दोन-दोनच ठेवा. जास्त झाल्या की आकडे बाजूला राहतात आणि सगळं लक्ष सापाच्या तोंडाकडे.

सर (सी-४०१): बाईंच्या मुद्द्याला धरूनच. मोठ्या मुलांसाठी चल्लस-आठ ठेवा. पाच बाय पाचचा पट आणि चार कवड्या, खर्च जवळजवळ नाहीच. शाळेत संभाव्यता शिकवताना नाणं टाकून 'छापा निम्मा, काटा निम्मा' एवढ्यावर थांबतात. कवडी त्याहून चांगली, कारण ती प्रामाणिक नाही. एक बाजू फुगीर आणि दुसरी चपटी, तोंडाची. उताणी आणि उपडी सारख्याच वेळा पडेल याची खात्री नसते.

कृती अशी. सारख्या आकाराच्या चार कवड्या घ्या, पूजा-साहित्याच्या दुकानात मिळतात. वहीत ०, १, २, ३, ४ असे पाच रकाने आखा. चारही कवड्या १०० वेळा टाका आणि प्रत्येक वेळी किती उताण्या पडल्या त्या रकान्यात रेघ मारा. दोघं टाकणारे, एक लिहिणारा असला तर अर्ध्या तासात उरकतं. दोन्ही बाजू सारख्या पडत असत्या तर साधारण ६, २५, ३८, २५, ६ असं यायला हवं. प्रत्यक्षात एका बाजूला कललेलं आलं तर समजा कवडी कलती आहे. दहांपैकी चारच वेळा उताणी पडणारी कवडी धरली, तर चारही उताण्या शंभरात अडीच वेळा आणि चारही उपड्या तेरा वेळा. एका कवडीत एवढासा कल, पण चारांत पाचपट फरक. मग विचारा: ८ चं दान कशाला द्यावं, ४ चं कशाला? घराघरात याचा नियम वेगळा असतो, आता मुलांना स्वतःच्या आकड्यांवरून भांडता येईल.

पण एक सांगून ठेवतो. नुसतं चल्लस-आठ वर्षभर खेळून संभाव्यता येत नाही. खेळात मूल डोकं घालतं ते कोणाची सोंगटी मारू यात. रकाने आखून रेघा मारल्या तरच कवडीकडे लक्ष जातं.

काका (बी-१०२): बुद्धिबळ ठेवाच. त्याने गणित सुधारतं म्हणतात.

सर (सी-४०१): काका, बुद्धिबळ जरूर ठेवा, पण बुद्धिबळासाठी. इंग्लंडमध्ये १०० प्राथमिक शाळांमधल्या पाचवीच्या मुलांवर याची मोठी चाचणी झाली, अहवाल २०१६ चा. अर्ध्या शाळांत वर्षभर तीसेक तास बुद्धिबळ शिकवलं आणि त्यानंतर वर्षाने गणिताची परीक्षा पाहिली. बुद्धिबळ शिकलेल्या आणि न शिकलेल्या शाळांत फरक आढळला नाही. पटावर मूल घोड्याच्या अडीच घरांचा विचार करतं, अपूर्णांकांचा नाही. शांत बसणं, हरल्यावर हात मिळवणं, चाल करण्याआधी समोरच्याचं उत्तर शोधणं हे येतं, आणि मला ते पुरेसं मोलाचं वाटतं.

ताई (सी-२०३): आणि व्यापार? त्याने पैशाचा हिशोब तरी येतो ना?

बाई (बी-३०२): जो बँक सांभाळतो त्याला येतो. बाकीचे नोटा पुढे करतात आणि सुटे मोजून घेतात. म्हणून दर पंधरा मिनिटांनी बँकर बदला आणि कॅल्क्युलेटर ठेवू नका. २००० च्या नोटेतून ३५० भाडं गेलं, परत किती ते आधी तोंडी सांगायचं, मग पैसे मोजायचे.

बाकी या खेळाचा वडीलधारा खेळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी बनवला होता, त्याचं पेटंट १९०४ चं. जमिनीची मक्तेदारी कशी वाईट हे दाखवायला त्यांनी तो रचला. लोकांनी मात्र दुसऱ्याचं दिवाळं काढण्याची मजा तेवढी उचलली. खेळ रचणाऱ्याच्या मनात काय होतं याला पटावर किंमत नसते, गुण कशाला मिळतात ते मुलं बरोब्बर ओळखतात.

सेक्रेटरी (ए-१०१): अ‍ॅपचं काय करू? चार-पाच पालक त्याच बाजूचे आहेत.

दादा (डी-३०१): मी शाळांसाठी असली अ‍ॅप तपासण्याचं काम करतो. वर्गणी भरण्याआधी एवढं करा. फुकटचा भाग उघडा, मुलाला खेळू द्या, शेजारी घड्याळ लावून बसा. दहा मिनिटांत त्याने किती उदाहरणं स्वतः सोडवली ते मोजा. पंधरा-वीस झाली तर ठीक. चार-पाचच झाली तर उरलेला वेळ नाणी गोळा करण्यात, टोप्या बदलण्यात आणि नाचणारं अस्वल बघण्यात गेला, त्याला गणिताची वर्गणी देऊ नका. मग चुकीचं उत्तर देऊन बघा. नुसती लाल फुली येते की चूक कुठे झाली ते दिसतं? हातच्याची वजाबाकी चुकली तर दशक मोडून दाखवणारं अ‍ॅप कामाचं. तिसरं, चार पर्याय असतील तर डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारातलं एक बरोबर येतं. म्हणून त्यातलीच पाच उदाहरणं दुसऱ्या दिवशी कागदावर, पर्यायांशिवाय द्या. पडद्यावर ९० टक्के आणि कागदावर दोन बरोबर असं झालं तर उत्तर मिळालं.

अ‍ॅपची बाजूही सांगतो. लगेच कळतं बरोबर की चूक, पुन्हा करायला लाज वाटत नाही, आणि पाढ्यांसारखी गोष्ट रोज दहा मिनिटं कंटाळा न करता होते. माणसाला हे दहा मुलांसाठी एकाच वेळी जमत नाही. पाढे, स्पेलिंग, जोडाक्षरं ओळखणं यासाठी मी अ‍ॅपच्या बाजूने आहे. 'का' समजावण्यासाठी नाही.

बक्षिसांबद्दल मात्र सावध. १९७३ चा एक प्रयोग आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र' असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळेत तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना न सांगता प्रमाणपत्र दिलं त्यांच्यात असं झालं नाही. जे मूल आपणहून पुस्तक उघडतं त्याला नाण्यांच्या अ‍ॅपवर बसवू नका.

ताई (सी-२०३): कोकणचा भूगोल शिकवायला काही करता येईल का? नदी आणि खाडीच्या जोड्यांचे पत्ते करावेत असं मनात आहे. पालथे ठेवायचे, दोन उलटायचे, जोडी जुळली की आपली.

बाई (बी-३०२): पत्ते करा, पण पालथे ठेवू नका. पालथ्या पत्त्यांत मूल लक्षात ठेवतं की 'वरच्या ओळीत तिसरा'. वाशिष्ठी कुठे मिळते हे डोक्यात न ठेवताही जिंकता येतं.

आठ जोड्या पुरेत: सावित्री–बाणकोट, वाशिष्ठी–दाभोळ, शास्त्री–जयगड, काजळी–भाट्ये, मुचकुंदी–पूर्णगड, वाघोटण–विजयदुर्ग, कर्ली–देवबाग, तेरेखोल–तेरेखोल. जमिनीवर एक सुतळी ताणा, एक टोक उत्तर, दुसरं दक्षिण. मधोमध शास्त्रीचा (जयगडचा) पत्ता उताणा ठेवा. दोघं-दोघं खेळा, प्रत्येकाच्या हातात तीन पत्ते. पाळी आली की आपला पत्ता सुतळीवर नेमका कुठे बसेल ते सांगून ठेवायचा: जयगडच्या वर की खाली, पुढे कोणत्या दोघांच्या मध्ये. समोरच्याला पटलं नाही तर नकाशा उघडायचा. चुकलं तर पत्ता गठ्ठ्याच्या तळाशी आणि नवीन उचलायचा. हातातले आधी संपतील तो जिंकला. इथे मुचकुंदी काजळीच्या दक्षिणेला हे माहीत असल्याशिवाय पत्ता उतरत नाही. नदीच्या पत्त्याने खेळायचं, खाडीचं नाव तोंडी सांगायचं, म्हणजे जोडीही पाठ होते.

वहिनी (ए-२०४): एका पटावर किती मुलं बसवायची? सहा-सात जण येतील.

बाई (बी-३०२): तीन, फार तर चार. एका पाळीला अर्धा मिनिट धरा, वीस मिनिटांत चाळीस पाळ्या. चौघांत प्रत्येकी दहा, आठ जणांत पाचच, आणि उरलेला वेळ भांडणं. दोन पट मांडा. पाच वर्षांचं मूल हरण्यावरून रडत असेल तर त्याला आणि मोठ्या भावंडाला एकच सोंगटी द्या, आकडे धाकट्याने वाचायचे. खेळ संपल्यावर पाच मिनिटं 'कुठे अडलास, का?' एवढं कोणीतरी विचारायला हवं. ते करणारा मोठा माणूस नसेल तर संच घेऊन कपाटाची शोभाच होईल.

सेक्रेटरी (ए-१०१): मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी ५ ते ६ साठी नावं द्या. टॅबची वर्गणी सध्या थांबवतो, दादांनी सांगितलेली दहा मिनिटांची तपासणी आधी करू.

दादा (डी-३०१): सामानाबद्दल एक राहिलं. आपल्या हवेत पुठ्ठ्याचा पट जुलैत वाकतो आणि पत्ते एकमेकांना चिकटतात. पट आणि पत्ते लॅमिनेट करा, कडेला अर्धा सेंमी प्लास्टिक सोडून कापा, कडेपर्यंत कापलं तर तिथूनच पाणी शिरतं. प्रत्येक खेळ झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलची पुडी. कवड्या, सोंगट्या वेगळ्या डबीत. आणि डब्याच्या झाकणावर आत किती नग आहेत ते लिहा, बंद करताना मुलांनीच मोजायचे.