जामीन कोण आणि जामीनदार कोण?

प्रश्न (तासगाव):
भावाच्या ठिबकच्या कर्जाला काल गावच्या सोसायटीत सही केली. अर्जावर 'जामीनदार क्र. 1', 'जामीनदार क्र. 2' असे रकाने. शेजारी बसलेले आबा म्हणाले, "आमच्या टायमाला दार-बिर नव्हतं. तुझ्या बापाला मी जामीन हुतो, बास." तेव्हापासून डोक्यात घोळतंय. जामीन म्हणजे माणूस असेल, तर कोर्टात 'मिळतो' तो कोण?

उत्तर (सातारा):
आबांचं मराठी सोसायटीच्या अर्जापेक्षा चोख आहे. अरबीत जामिन म्हणजे हमी घेणारा. हमी ती जमानत. हिंदीने कोर्टासाठी जमानत उचलली, आपण मात्र माणसाचंच नाव हमीलाही देऊन बसलो. 'जामीन राहिला' म्हटलं की अजून माणूस दिसतो. 'जामीन मंजूर'मध्ये तो पुसला गेला, मग त्याला परत आणायला मागे 'दार' लावावं लागलं.

कर्जाचा आणि कोर्टाचा जामीन तसे एकाच घरातले. याज्ञवल्क्यस्मृतीत जामिनाला प्रतिभू म्हटलंय आणि त्याची कामं तीन: दर्शन, प्रत्यय, दान. म्हणजे याला मी हजर करीन; हा भरवशाचा आहे; याने नाही फेडलं तर मी फेडीन. कोर्टातला जामीन पहिल्यातला, तुमची सही तिसऱ्यातली. (1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सहीआधी वाचायचं होतंत! वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच.)

पुरवणी (कराड):
मराठेशाहीत वाद चालवण्याआधी वादी-प्रतिवादी दोघांकडून जामीन घेत, आणि सोबत राजीनामाही. नोकरी सोडायचा नव्हे. राजी अधिक नामा: 'या सभेचा निवाडा मानायला मी राजी आहे' असा कागद. हरणाऱ्याने पुढे येजितखत लिहून द्यायचं, म्हणजे आपला पक्ष खोटा ठरल्याची कबुली. हल्लीचे राजीनामे पाहिले तर बहुतेकांना नाराजीनामा म्हणायला हवं, पण ते असो.

प्रश्नकर्ता:
सगळं आबांना वाचून दाखवलं. येजितखत त्यांनीही कधी ऐकलेलं नव्हतं. दर्शन, प्रत्यय, दान मात्र परत वाचायला लावलं. मग तंबाखू मळत म्हणाले, "तुझ्या बापापायी मी तिन्ही हुतो."