आबाजींच्या स्वरलिपीच्या दोन वह्या: त्यांचे गुरू कोण असतील?

तानपुरा_महाल:
नमस्कार मंडळी. माझे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील, नागपूरच्या महाल भागात गाणं शिकवायचे. दिवसा शाळेत संगीत शिक्षक, संध्याकाळी बडकस चौकाजवळ घरच्या माडीवर क्लास. लोक त्यांना पेटीमास्तर म्हणत आणि आता आमच्या घरातही तेवढीच ओळख उरली आहे. मला हे फार लागतं. ज्यानं अर्ध्या महालाच्या लेकरांना सूर लावायला शिकवला, तो स्वतः कुणापुढे बसून शिकला, हे त्याच्या नातवंडांना माहीत नसावं?

घरात ऐकलेलं एवढंच: गाव सावनेरकडचं. वडील भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. ते लवकर गेले आणि मामानं मुलाला छोट्या लाईनीच्या गाडीनं इतवारीत आणलं. पुढचं कुणीच नीट सांगत नाही. काका म्हणतात की रेडिओच्या चाचणीत नापास झाले आणि मन मोडलं. आत्याला ते अजिबात पटत नाही.

आता वाडा पाडून फ्लॅट स्कीम होते आहे. माडी रिकामी करताना दोन वह्या आणि नोकरीचा एक कागद माझ्याकडे आला. कागदाच्या माथ्यावर ‘मध्यप्रदेश शासन’ आहे. आबाजी तर नागपूर सोडून कधी नोकरीला गेले नाहीत, मग हे काय?

जुन्या वहीत कोमल स्वरांना खाली हलन्तासारखा पाय आहे. काही स्वरांच्या डोक्यावर टिंब, काहींच्या डोक्यावर उभी रेघ. तालाच्या ओळीत १ आणि अधिकची खूण. दुसऱ्या वहीत मात्र कोमल स्वरांखाली आडवी रेघ आहे आणि तालाला फुली आणि शून्य. अक्षर दोन्हीकडे त्यांचंच. आत्या संगीत विशारद आहे. तिला जुन्या वहीतला दरबारी राग कळत नाही; म्हणते, सगळा विस्तार तारसप्तकात, म्हणजे वरच्या सप्तकात, लिहिलाय, दरबारी असा वर कोण गातं?

खर्ज:
ताई, तुम्ही खुणा इतक्या नीट टिपल्या आहेत की निम्मं उत्तर त्यातच आहे. मी धंतोलीत बरीच वर्षं गाणं शिकवलं. दोन्ही लिप्या वापरल्या आहेत, म्हणून ठामपणे लिहिते.

जुनी वही पं. विष्णू दिगंबर पलुसकरांच्या लिपीत आहे. त्या लिपीत कोमल स्वराला हलन्त, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, १ आणि खालीला, म्हणजे टाळी न देण्याच्या जागेला, अधिकची खूण. आणि महत्त्वाचं म्हणजे डोक्यावरचं टिंब मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, स्वराचं, उभी रेघ तार स्वराची. भातखंडे लिपीत हे उलट आहे: टिंब वर असेल तर तार, खाली असेल तर मंद्र. आत्याबाई आजच्या सवयीनं वाचत असणार. त्यांना सांगा, टिंबाचे सगळे स्वर खाली घेऊन गा. दरबारी आपल्या जागी, मंद्रात, येऊन बसेल.

दुसरी वही भातखंडे लिपीत आहे. फुली म्हणजे सम, शून्य म्हणजे खाली. म्हणजे तुमचे आबाजी एका पद्धतीत शिकले आणि पुढे कधीतरी, बहुधा शाळेत शिकवायची वेळ आली तेव्हा, दुसरी लिपी मुद्दाम शिकले. हातात बसलेली लिपी बदलणं सोपं नसतं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि शिष्यांना गावोगावी शाळा काढायला लावल्या. नागपुरात त्यांचे शिष्य शंकरराव सप्रे शिकवत. वसंतराव देशपांडे लहानपणी त्यांच्याचकडे शिकले. पण म्हणून आबाजीही तिथलेच असं लगेच धरू नका. लिपीवरून परंपरा कळते, गुरू कळत नाही. घरात परीक्षेचं प्रमाणपत्र सापडतंय का पाहा. ‘अलंकार’ असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळ, ‘निपुण’ असेल तर लखनौचं भातखंडे संगीत विद्यापीठ. विशारद दोन्हीकडे आहे, म्हणून त्यावर संस्थेचं नाव वाचा.

रेडिओचं. आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियम बंद केली होती. आपलं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं, तेव्हा ती बंदी होती आणि पुढेही बरीच वर्षं राहिली. साथीला सारंगी किंवा व्हायोलिन. पेटी वाजवणाऱ्याला तिथे दारच नव्हतं, मग तो नापास कसा होणार? गळ्याची चाचणी दिली असेल तर गोष्ट वेगळी. काकांना एवढं नक्की विचारा.

दस्तऐवज:
‘मध्यप्रदेश शासन’ बरोबर आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशची राजधानी होती. त्यानंतर विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. माणूस जागचा हलला नाही, राज्य बदलत गेलं.

पूर्वजांसाठी दोन ठिकाणं. एक, गावच्या जिल्हा परिषद शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे मुलं शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही. त्यात वडिलांचं नाव आणि जन्मतारीख असते. दुसरं कोतवाल बुक. गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असत. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की नक्कल मिळते. जात पडताळणीसाठी लोक रोज काढतात, त्यामुळे बाबू लोकांना सवय आहे. एक लक्षात ठेवा, जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतं. बापाच्या नावापुढे नुसतं मुलगा किंवा मुलगी. म्हणून आबाजींच्या नावानं शोधू नका, पणजोबांच्या नावानं शोधा. सावनेरला नाही मिळालं तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विचारा, तालुक्याच्या हद्दी मधे बदलल्या आहेत. पण आधी गावाचं नाव पाहिजे. ‘सावनेरकडचं’ एवढ्यावर कोणी जुन्या कागदांचा बस्ता उघडणार नाही.

बुधवारबाजार:
ताई, मी त्या माडीवर शिकलो जी. बडकस चौक, अरुंद जिना, खिडकीपाशी काळी पायपेटी. दुसरं कोण असणार?

पेटीमास्तर म्हणत, पण आम्हाले पेटीले हात लावू देत नव्हते. आधी तानपुरा, नुसता सा. मंग अलंकार. कोणी पोट्टा पेटीच्या आधारानं गाऊन राह्यला का मास्तर मधातच भाता सोडून देत. म्हणत, “पेटीवर टेकून गाऊ नको रे. ती थांबली तं तू बी थांबशीन.” मी पुढं बँकेत लागलो, गाणं सुटलं, पण सा अजून जागेवर लागते. ते त्यांचं देणं आहे.

फी ज्याले जमन त्यानं द्यावी. खेड्यावरचे पोट्टे जवारी, तुरीची दाळ आणत. आजी ती घेऊन पोट्ट्याले जेवाले बसवत. आजीचं नाव कोणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम लिहून राह्यलो. तिच्याबिगर तो क्लास चाललाच नसता.

गाव मले माहीत आहे. एका कार्तिकात मास्तर आम्हा मोठ्या पोट्ट्यांना काकड्याले घेऊन गेले होते. केळवदच्या पुढं, छिंदवाड्याच्या रोडनं, मंग आत पायी. गावात त्यांना कोणी मास्तर म्हणे ना. सगळे म्हणत, “मृदंग्याचा पोरगा आला.” मंदिरात जुना मृदंग टांगला होता. मास्तरनं त्याले हात लावून नमस्कार केला. गावाचं नाव इथं नाही टाकत, तुम्हाले निरोपात पाठवतो.

अन् गुरूचं. गुरुपौर्णिमेले माडीवर दोन फोटो मांडत. एक पलुसकरबुवांचा. दुसरा काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, मिशा. त्यांना मास्तर “आमचे बुवा” म्हणत अन् कानाले हात लावत. नाव घेत नव्हते.

तानपुरा_महाल:
काका, आत्याला फोनवर वाचून दाखवलं. आजीबद्दल लिहिलंत तिथे ती रडली.

खर्जताई, टिंबं खाली घेऊन तिनं दरबारी गाऊन पाहिला. म्हणाली, हा आबाचाच आहे, पहाटे असाच गायचे. माझ्या काकांनाही रेडिओचं विचारलं. चाचणी गळ्याची की पेटीची, त्यांना सांगता आलं नाही. कुणाकडून तरी ऐकलेलं होतं म्हणे.

काळ्या टोपीचा फोटो आत्याकडेच आहे. कोणाचा ते घरात कुणालाच माहीत नव्हतं, पण तिनं तो टाकला नाही. रविवारी आणते. काका, गावाचं नाव पाठवा, तहसीलचा अर्ज मी भरून ठेवते.

खर्ज:
फोटो चौकटीतून काढून मागची बाजूही इथे टाका. जुन्या फोटोंच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव असतं, कधीकधी कुणी पेन्सिलीनं काही लिहिलेलं असतं. पुठ्ठा ठिसूळ झाला असेल, तर स्वतः खिळे काढू नका, चौकटवाल्याकडून काढून घ्या. आणि दोन्ही वह्यांचं प्रत्येक पान मोबाईलवर स्कॅन करून ठेवा. वाडा रिकामा होण्याआधी.