मदत हवी आहे : वरच्या कुरणातून जंगलात उतरणारी वाट शोधायची कशी?

एकटा_वाटसरू
परवा पहाटे निघतोय, तेव्हा जरा लवकर सांगा. एकटाच आहे, एका दिवसाचा टप्पा. आधी जंगलातला चढ, मग वरची गवताळ कुरणं, मग पुन्हा जंगलातून उतार. सॅक घेऊन चालायची सवय आहे, तो प्रश्न नाही. अडचण एकच, कुरणात शिरलं की वाट गायब. नुसत्या ढोरवाटा, सगळ्या सारख्याच मळलेल्या. खाली बघावं तर जंगलाची कड एकसलग हिरवी. नकाशावरची तुटक रेघ कुरणात संपते आणि थेट झाडीत पुन्हा सुरू होते. मधलं कोरं. अशा वेळी तुम्ही काय करता?
'एकट्याने जाऊ नका' हे सांगायचं असेल तर कृपया नको.

डोंगरभूत
अंतर किती? चढ किती? महिना कोणता? रात्रीचा मुक्काम खाली की वर? काहीच लिहिलेलं नाही, सांगायचं काय कपाळ.

रानजाई
सोपं आहे. चढताना झाडीतून कुरणात बाहेर पडलात की लगेच मागे वळा आणि फोटो काढा. शेजारी वठलेलं झाड, मोठी शिळा, काही तरी खूण असतेच. येताना तीच जागा शोधायची.

एकटा_वाटसरू
अहो, मी त्या वाटेने परत येतच नाहीये! एका बाजूने चढून पलीकडे उतरायचं आहे. टप्पा लिहिलंय की वर.
१७ किमी, चढ १२०० मीटर. अॅप साडेपाच तास दाखवतंय.

रानजाई
टप्पा म्हणजे पलीकडे उतरणार हे आम्ही ओळखायचं होतं का? बरं.

हिशेबनीस
अॅपवर जाऊ नका. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला नियम साधारण असा : ताशी ५ किमी, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. तुमचे ३ तास २४ मिनिटं अधिक २ तास. म्हणजे अॅपचं उत्तर तेच. पण यात थांबणं नाही, पाठीवरचं ओझं नाही, वाट शोधणं तर नाहीच. आठ तास धरा.

होकायंत्र_काका
आता मूळ प्रश्नाकडे येऊ या का? नकाशावर वाट जिथे झाडीत शिरते तिथे सरळ नेम धरून उतरू नका. कडेला पोचलात आणि वाट दिसली नाही, तर डावीकडे शोधणार की उजवीकडे? म्हणून मुद्दाम दोनेकशे मीटर डावीकडे रोख ठेवायचा. झाडी लागली की डोळे मिटून उजवीकडे वळा आणि कड सोडू नका. वाट आडवी येतेच.

टवाळ
डोळे मिटून वळल्यावर वाट दिसेल कशी, काका?

जीपीएसवाला
एवढा खटाटोप कशाला? कुणाचा तरी ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद, आणि ऑफलाइन नकाशा फोनमध्ये घ्या, विमान मोडवर टाका. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. विषय संपला.

होकायंत्र_काका
थंडीत बॅटरी किती भराभर उतरते ते वर गेल्यावर कळेल. दाट झाडीत आणि अरुंद घळीत ठिपका भलतीकडेच उड्या मारतो. आणि तो 'कुणाचा तरी' स्वतःच भरकटला नव्हता कशावरून?

जीपीएसवाला
पॉवर बँक नावाची वस्तू असते, काका.

फुलवेडी
कुरणात फुलं असतील ना? मॅक्रो लेन्स नेताय का? सकाळी वारा पडलेला असतो तेव्हाच काढा.

पाणकोंबडा
वाट नाही सापडली तर ओढा धरून खाली उतरायचं. पाणी खालीच जातं.

डोंगरभूत
पाणकोंबडा, कृपा करून हा सल्ला देऊ नका. पाणी कड्यावरूनही खालीच जातं! ओढ्याची घळ अरुंद होत जाते, मधेच धबधबा लागतो, आणि ओल्या दगडांवरून परत वर येता येत नाही. उतरायचं तर सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवरून.
धागाकर्ते, झाडीत शिरल्यावर एक बघा. ढोरवाट कमरेइतक्या उंचीच्या फांद्यांखालून बिनदिक्कत जाते, तुम्हाला वाकावं लागतं. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या वरपर्यंत मोकळं असतं, आडवं पडलेलं खोड करवतीने कापलेलं सापडतं. दर चार पावलांना सॅक अडकायला लागली की समजा, वाट तुमची नाही.
महिना अजून सांगितलेला नाही.

एकटा_वाटसरू
काका, हे डावीकडे नेम धरणं पटलं. नकाशात तिथे दोन ओढ्यांमधली सोंडच आहे.
पण कडेने चालूनही वाट नाहीच मिळाली तर? महिन्याने काय फरक पडतो?

डोंगरभूत
दुपारी गडगडाट होतो की नाही हा फरक पडतो! उघड्या कुरणात सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर ती साधारण १० किमीच्या आत आहे, निघा तिथून. एकट्या झाडाखाली नाही, दाट झाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. म्हणून दुपारच्या आत कुरण पार झालेलं बरं.
वाट नाहीच मिळाली तर परत वर, शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत. किती वाजता मागे फिरायचं ते निघण्याआधीच ठरवा, कुणाला तरी सांगून ठेवा. शिट्टी आहे ना? संकटात मिनिटाला सहा फुंका, मग मिनिटभर थांबा, पुन्हा सहा.

टवाळ
आणि सातवी फुंकली तर?

नवखा
बूट वॉटरप्रूफ घ्यावेत की साधे? गवतावर दव असतं म्हणून विचारतोय.

रानजाई
त्यासाठी वेगळा धागा काढा हो.