शब्दचर्चा: उपग्रहाची कक्षा 'निर्धारित' करायची की 'काढायची'?

दापोलीहून

समुद्राची पातळी मोजणाऱ्या सेंटिनेल-6 उपग्रहावर मराठीत लेख लिहिते आहे. 2020 साली सोडलेला, 1336 किलोमीटर उंचीवर फिरणारा. पातळी मोजायची रीत सोपी आहे: उपग्रहाची उंची घ्यायची, त्यातून रडारने मोजलेलं पाण्यापर्यंतचं अंतर वजा करायचं. म्हणजे उंचीत सेंटिमीटरची चूक झाली की ती थेट समुद्राच्या खात्यात जमा. ती चूक टाळायला या उपग्रहावर अमेरिकेची जीपीएस आणि युरोपची गॅलिलिओ अशा दोन्ही दिशादर्शक प्रणालींचे संकेत घेणारा रिसीव्हर बसवलाय आणि त्यावरून 'प्रिसाइज ऑर्बिट', म्हणजे नेमकी कक्षा, ठरवतात.

मी लिहिलं 'बहुप्रणाली एकत्रीकरणाद्वारे अचूक कक्षानिर्धारण'. घरात वाचून दाखवलं, तर 'कुठल्या खात्याचं परिपत्रक?' असा प्रश्न आला. 'एकत्रीकरण' म्हटलं की मलाही पतपेढ्यांचं विलीनीकरणच आठवतं. सुचवा काहीतरी.

अलिबागहून

ताई, 'निर्धारण' टाकाच. 'कक्षानिश्चिती' बरं. पण 'कक्षा' म्हटलं की वाचकाला आकाशात आखलेली लंबवर्तुळाकार रेघ दिसते, आणि प्रत्यक्षात हाती येतो तो तक्ता: अमुक क्षणी उपग्रह अमुक जागी. ज्यांच्या संकेतांवरून ही जागा निघते ते दिशादर्शक उपग्रह स्वतःची जागा स्वतःच सांगत असतात, पण ती साधारण मीटरभर इकडेतिकडे असते. जगभरच्या स्थानकांची निरीक्षणं जमवून मागाहून जो अंतिम तक्ता निघतो तो दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जातो. त्यासाठी दोनेक आठवडे थांबावं लागतं.

'एकत्रीकरण' मला खटकतं ते वेगळ्या कारणाने. त्यातून सरासरी काढल्याचा भास होतो. खरी कटकट घड्याळांची आहे. रशियाची ग्लोनास लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घड्याळात घातलेला जादा सेकंद) पाळते, जीपीएस पाळत नाही, म्हणून ग्लोनासच्या घड्याळातले मॉस्कोचे तीन तास सोडले तरी 2017 पासून दोघांत 18 सेकंदांचं अंतर आहे. चीनची बायदू जीपीएसच्या 14 सेकंद मागे. हे ठरलेले आकडे, वजा केले की संपलं. पण एकाच रिसीव्हरच्या आत दोन प्रणालींच्या संकेतांना होणारा उशीर सारखा नसतो, आणि तो कुठे छापलेला नसतो. एक नॅनोसेकंद म्हणजे 30 सेंटिमीटर! म्हणून तो उशीरही अज्ञात धरून सगळी निरीक्षणं एकाच गणितात घालतात आणि एकदम सोडवतात. मी 'सामाईक गणित' म्हणेन.

मुरूड-जंजिऱ्याहून

आमच्या शेजारच्या नांदगावचे ज्योतिषी गणेश दैवज्ञ कसे कोणालाच आठवले नाहीत? त्यांचा ग्रहगणिताचा ग्रंथ 'ग्रहलाघव' शके 1442चा, म्हणजे 1520चा. त्या काळी ग्रहगणिताचे सौर, आर्य आणि ब्राह्म असे तीन पक्ष, म्हणजे परंपरा, होत्या आणि तिघांच्या गणितात ग्रह वेगवेगळ्या जागी यायचे. गणेश दैवज्ञांनी एकाच पक्षाची कास धरली नाही. सूर्य सौरपक्षाचा घेतला. चंद्रही सौराचाच, पण 9 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे, शनी आर्याचाच पण 5 अंश वाढवून. शुक्राचं केंद्र (गणितातला एक कोन) ब्राह्म आणि आर्य यांच्या मधलं. कसोटी एकच, आकाशात दिसतं त्याच्याशी गणित जुळलं पाहिजे: दृक्तुल्यता. वेगवेगळ्या प्रणाली जुळवून घेण्याचा याहून जुना मराठी मुलखातला दाखला मला तरी ठाऊक नाही.

आणि त्या परंपरेत ग्रह 'निर्धारित' करत नाहीत हो, ग्रह 'काढतात'. लग्न काढतात, मुहूर्त काढतात, पत्रिका काढतात. 'कक्षा काढणे' म्हणा की सरळ! हा सगळा इतिहास मराठीत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षितही मुरूडचेच, पण ते ताईंच्या दापोलीकडचं मुरूड. दोन्ही मुरुडांची गल्लत नको.

अलिबागहून

दाखला झकास आहे, पण लेखात जपून वापरा. गणेश दैवज्ञांनी ग्रहवार वाटणी केली. इथे उपग्रहांची तशी वाटणी नाही, एकाच क्षणी दोन्ही प्रणालींचे जे जे उपग्रह दिसतात त्या सगळ्यांची साक्ष काढतात. एखादा लबाड निघाला तर बाकीच्यांच्या जबानीत तो उघडा पडतो. प्रणाली वाढवण्याचा फायदा तो हाच. बाकी 'काढणे' मान्य, शंभर टक्के.

मालवणहून

मामांच्या ट्रॉलरवर जीपीएस आहे. बरेच दिवस बंद ठेवून चालू केला की पडद्यावर काहीच येत नाही आणि मामा तांडेलाला (नाव हाकणाऱ्याला) ओरडून सांगतात, "सॅटेलाइट गावाक नाय अजून!" म्हणजे अजून सापडला नाही. त्या वेळात यंत्र दोन गोष्टी गोळा करत असतं: सगळ्या उपग्रहांचा ढोबळ ठावठिकाणा, जो काही आठवडे चालतो, आणि दिसणाऱ्या उपग्रहाची नेमकी स्थिती, जी काही तासांत शिळी होते. शब्दकोशात दोन्हींना 'पंचांग' म्हटलेलं पाहिलंय. पहिल्याला पंचांग म्हणा, दुसऱ्याला 'स्थितिपत्रक'.

आणखी एक. आपल्या नाविक प्रणालीचा उल्लेख येणार असेल तर 'नाविकच्या' लिहा, 'नाविकांच्या' नको. 2016 साली हे नाव ठेवलं तेव्हा मराठी विभक्तीचा विचार कोणी केला नसणार. 'नाविकांच्या मदतीने कक्षा काढली' असं छापून आलं तर आमच्या बंदरावर मिरवणूक निघेल.

मुरूड-जंजिऱ्याहून

दृक्तुल्यतेचं राहिलंच. काढलेली कक्षा बरोबर की चूक हे कसं पाहतात?

अलिबागहून

जमिनीवरून लेझर मारून. गॅलिलिओ, ग्लोनास आणि नाविक यांच्या उपग्रहांवर परावर्तक बसवलेले असतात, सेंटिनेल-6 वरही आहे. प्रकाश जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं, तेही रेडिओ संकेतांचा आधार न घेता. त्याला 'पडताळा' म्हणा. 'दृक्प्रत्यय' म्हटलंत तर मुरूडकर खूश होतील, वाचक मात्र पान उलटेल.

दापोलीहून

आता असं लिहिलंय: "जीपीएस आणि गॅलिलिओ या दोन्ही प्रणालींची निरीक्षणे एकाच सामाईक गणितात घालून उपग्रहाची कक्षा सेंटिमीटरपर्यंत काटेकोर काढली जाते आणि लेझरने तिचा पडताळा घेतला जातो." 'अचूक' मुद्दाम काढलं, कारण सेंटिमीटरची चूक उरतेच. गणेश दैवज्ञांना चौकटीत वेगळी जागा दिली आहे.

अलिबागहून

'काढली जाते' नको, 'काढतात' करा. 'घेतला जातो'चंही तेच. बाकी छापायला द्या.